पंचवीस चिंचोके बरोबर मोजते, पण पाटीवर लिहिते ५२. मधलं काय सुटतंय?

पाटीवाली_बाई (निफाड तालुका), ९ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरी एकत्र घेते. पट ३१, त्यात पहिलीचे १७ आणि दुसरीचे १४. राहायला पंचवटीत आहे, रोज स्कूटीवर जाऊन-येऊन करते. सध्या टोमॅटोचा सीझन, त्यामुळे पिंपळगावकडे निघालेल्या क्रेटच्या गाड्यांमागे धूळ खात निम्मा रस्ता जातो. असो.

दोन वर्षं झाली, गणित साहित्यावरच घेते. चिंचोके, बिट्ट्या, बाटल्यांची झाकणं, गणितमाळ, सगळं आहे. मुलं रमतात. प्रश्न रमण्याचा नाहीच.

परवाचं सांगते. दुसरीतल्या एका मुलीला म्हटलं, पंचवीस चिंचोके काढ. तिने काढले, बरोबर पंचवीस. म्हटलं, आता पाटीवर लिही. तिने लिहिलं ५२. म्हटलं, नीट बघ बरं. तर तिने चिंचोके पुन्हा मोजले! पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्या लेखी चूक झालीच असेल तर ती ढिगात. मी तिथेच गार पडले. दोन वर्षं मी समजत होते की हाताने मोजलं की आकडा आपोआप कळतो. ढीग वेगळा आणि पाटी वेगळी, असं त्या पोरीच्या डोक्यात पक्कं बसलंय.

दुसरं म्हणजे, शाळेला मिळालेल्या गणित साहित्याच्या पेटीत दहा-दहा मण्यांच्या दांड्या आल्या आहेत. मुलं त्यांना काठी म्हणतात आणि एका काठीला एकच मोजतात. तीन काठ्या आणि चार सुटे मणी ठेवले की उत्तर येतं सात. दहा आहेत म्हणून सांगितलं तर मान डोलावतात, काठीवरचे दहा मणी बोटाने मोजून दाखवतात, आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा सात.

वर पालक. "बाई, पोरगं घरी आल्यावर विचारलं काय केलं, तर म्हणतं चिंचोके खेळलो. वही तर कोरी." तेही खोटं नाही.

तर मला विचारायचंय ते एवढंच: हात आणि पाटी यांच्या मधे तुम्ही नेमकं काय करता? आणि साहित्य कधी काढून घेता? नवीन खेळांची यादी नको, ती माझ्याकडे ढीगभर आहे. पुढच्या महिन्यात द्राक्षाच्या छाटण्या सुरू होतील, तेव्हा बागेतल्या काड्या गोळा करून काही करावं असं डोक्यात आहे. फुकट आणि भरपूर.

चौथीचा_मास्तर (सिन्नर)

मॅडम, राग मानू नका, पण तुमच्यासारख्यांचे चिंचोके संपतात आणि पोरं माझ्याकडे येतात. ५२ वजा २७ दिलं की २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ घालवतात आणि ३५ लिहून मोकळे. चौथीत! वर कागदोपत्री सरकारच्या 'निपुण भारत' योजनेचं लक्ष्य पहिलीला ९९ पर्यंतच्या संख्या, दुसरीला ९९९, तिसरीला ९९९९. आमच्या गुरुजींनी पाढे म्हणवून घेतले, निमकी-पावकी (अर्ध्याचे-पावाचे पाढे) सुद्धा, आणि आजही बाजारात मला मोबाइल काढावा लागत नाही. रोज सकाळी पंधरा मिनिटं अंक म्हणून घ्या, लिहून घ्या. बाकी साहित्य फोटोपुरतं छान दिसतं.

(त्या काठीला एक मोजण्याचं मात्र खरं आहे. माझ्याकडेही तेच होतं. मी पेटी कपाटात ठेवली.)

निवृत्त_बाई_नाशिकरोड

अगं-तुगं करते, चालवून घे. ३४ वर्षं पहिली-दुसरी शिकवल्यावर जीभ वळत नाही.

आधी त्या पोरीबद्दल. तिने जे ऐकलं तेच लिहिलं. पंच-वीस. आधी पाच, मग वीस. आपण मराठीत सुटे आधी बोलतो आणि दशक मागून, लिहिताना मात्र दशक आधी. इंग्रजी शाळेतल्या पोराला ट्वेन्टी-फाइव्ह ऐकू येतं तसंच लिहायचं असतं, त्याची पंचाईत फक्त थर्टीन ते नाइन्टीनमध्ये. आपल्या पोराची पंचाईत पार नव्वदीपर्यंत. त्यात एकोणतीस! कानाला तीस ऐकू येतं आणि लिहायचे दोन. ही एकोणाची रीत एकोणनव्वदपर्यंत पाळायची आणि नव्याण्णवला तीही मोडायची. सहा वर्षांच्या जीवाने करावं काय?

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आलं तेव्हाचा गदारोळ आठवतो ना? प्रकरण थेट विधानसभेत गेलं. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या सांगत होत्या की पंचवीस काढून टाकलेलं नाही, वीस पाच जोडीला दिलंय. कुणी ऐकून घेईना. मी तर त्याच्या कितीतरी आधीपासून वर्गात 'दोन दहा आणि पाच' म्हणून घेत होते. चोरून घ्यावं लागत नव्हतं, कारण तेव्हा कुणी विचारतच नव्हतं.

आता काठीचं. तुझ्या मुलांनी ती दांडी बनवलेलीच नाही. दुसऱ्याने बांधून दिलेल्या दहावर पोराचा विश्वास बसत नाही, त्याला ती एक वस्तूच दिसते. माझी शाळा नाशिकरोडला, अर्ध्या वर्गाच्या घरचं कुणी ना कुणी प्रेसमध्ये. इथे १९२८ पासून नोटा छापतात. शंभर नोटांचं पाकीट, त्यावर कागदाची पट्टी. एका वर्षी मी वर्गात रद्दी कागदाच्या 'नोटा' मोजायला दिल्या. दहा-दहाची बंडलं केली, पट्ट्या लावल्या. मग विचारलं, सगळ्या मिळून किती? पोरं बंडलं सोडून पुन्हा एकापासून मोजायला लागली. तेव्हा एक मुलगा वैतागून ओरडला, "अरे पट्टी लावलेलं परत नसतं मोजायचं, पट्टी कशाला लावली मग?" घरी ऐकलेलं असणार. त्या दिवसापासून मी दशक हा शब्दच दिवाळीपर्यंत वापरायचा सोडून दिला. 'पट्टीचे किती आणि सुटे किती' एवढंच विचारायचे.

तुमच्याकडे प्रेस नसेल, पण भाजीबाजार आहे. मेथी-कोथिंबीर जुडीने मिळते आणि नाशिकच्या बाजार समितीत लिलाव शेकड्याने होतो. दहा काड्यांची जुडी, दहा जुड्यांचा शेकडा. पोरांना नवीन शब्दसुद्धा शिकवायला नको.

दोन आठवडे नुसतं बांधू दे. लिहायचं नाही. प्रत्येकाने स्वतः मोजून, स्वतः रबर लावायचं. मग प्रत्येकापुढे एक कागद, मधे रेघ. डावीकडे जुड्या, उजवीकडे सुट्या. डावं-उजवं पोराच्या बाजूने, तुझ्या नाही! (मी पहिल्या वर्षी समोर उभी राहून उलटं शिकवलं होतं.)

पाटीच्या आधी कार्डं. वीसचं कार्ड लांब, पाचचं त्याच्या निम्मं. दोन जुड्यांखाली २० ठेवायचं, पाच सुट्यांखाली ५. मग पाचचं कार्ड उचलून वीसच्या शून्यावर ठेवायचं. झाले २५. शून्य कुठे गेलं? खाली आहे, उचलून बघ. पोरं दहा-दहा वेळा उचलून बघतात, बघू दे. तू मधलं काय विचारतेस ना, माझ्यापुरतं मधलं ते हेच. तोंडाने पंचवीस म्हणायचं, आधी पाच ऐकू येणारच, पण हात आधी जुड्यांकडे गेला पाहिजे. लिहायच्या आधी 'जुड्या किती?' एवढं स्वतःला विचारायची सवय लागली की ५२ कमी होतं. बंद होत नाही हं, कमी होतं.

कधी काढून घ्यायचं? काढून घेऊ नकोस, झाक. टोपलीत तीन जुड्या, चार सुट्या दाखवायच्या, वर फडकं टाकायचं, आणि फडक्याखाली आणखी दोन सुट्या सरकवायच्या. किती झाल्या? ज्याला दिसत नाही ते डोक्यात उभं करावं लागतं. अडला की फडकं वर कर. असं करता करता फडकं वर करायची मागणी आपोआप थांबते, प्रत्येकाची वेगवेगळ्या महिन्यात. टोपली कोपऱ्यात वर्षभर राहू दे.

आणि सिन्नरच्या गुरुजींना: ५२ वजा २७ ला पाच जुड्या, दोन सुट्या मांडा आणि म्हणा, सत्तावीस द्या मला. दोन जुड्या देतील. सात सुट्या मागा, त्यांच्याकडे दोनच. मग पोरगं एका जुडीचं रबर सोडतं. ते सोडणं हाताने झालं की २ मधून ७ जात नाहीत असं पोरगं म्हणणारच नाही. कपाटाची किल्ली शोधा.

बागाईतदार_अण्णा (निफाड)

मास्तर नाही मी, दुसरीतल्या एका पोराचा बाप. हा धागा बायकोने दाखवला.

बाई, द्राक्षाच्या काड्या वर्गात नेऊ नका. छाटणीच्या आधी आणि नंतर काय काय फवारतो ते आमचं आम्हाला माहीत. मोरचूद-चुन्याचं बोर्डो असतं, बुरशीची औषधं असतात, फुटीसाठी पेस्ट लावतो ती तर हातमोज्याशिवाय लावायचीच नसते. काडी धुतली तरी सालीत काय राहिलंय ते सांगता येत नाही, आणि पहिलीचं पोर काडी आधी तोंडात घालणार. तुराट्या घ्या, ज्याच्या बांधावर तूर असेल तो देईल. नाहीतर खराट्याच्या काड्या, कात्रीने सारख्या कापून. मी देतो कापून, संध्याकाळचं तासाभराचं काम आहे.

वहीचं बोलायचं तर, कोरी वही बघून आमच्याही पोटात गोळा येतो. शेजारचं पोरगं इंग्रजी शाळेत जातं, त्याच्या वहीत रोज दोन पानं भरलेली. तुम्ही आठवड्याला एक काम घरी द्या, पण आमच्या घरात आहे त्याचं. आमची म्हातारी अजून विसाच्या हिशोबाने मोजते, तीन विसा आणि चार म्हणते चौसष्टला. नातवाला तिच्यापुढे बसवा म्हणावं. मला शेतात कॅरेट मोजायला पोरगं लागतंच, टोमॅटोचं वीस किलोचं कॅरेट त्याला चांगलं कळतं. पण ते गणित आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. मलाही नाही, खरं तर.

सेविका_पेठ

मी अंगणवाडीची, पेठ तालुक्यातली. दोनच गोष्टी.

चिंचोके लहानांना नकोत. आमच्याकडे एकाने नाकात घातला, चिंचोका आत फुगला आणि नाशिकला न्यावं लागलं. पहिलीच्यांना पण मोठ्या वस्तू द्या, झाकणं, सागरगोटे, काड्या. प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं सांगतात, बोर्डी-कोसबाडला शिंपले, पानं, दगड घेऊन कशी बालवाडी चालवली ते. सांगतात आणि मग प्लास्टिकचा संच देतात. आमच्या नदीतले गोटे प्लास्टिकपेक्षा बरे.

दुसरं, आमच्या गावातली माणसं छाटणीला तुमच्याकडे उतरतात, पोरं बरोबर असतात. ती तुमच्या वर्गात येऊन बसतील आणि बोलणार नाहीत. त्यांना येत नाही असं समजू नका, घरी बोलणं वेगळं आहे म्हणून गप्प असतात. मोजायला हातात द्या, बोलायला सांगू नका लगेच.

पाटीवाली_बाई, २३ नोव्हेंबर

उशीर झाला सांगायला. सहामाही, दिवाळी, मग त्या नोंदी भरा, या नोंदी भरा.

अण्णांनी खराट्याच्या काड्या दिल्या. मोजून नाही, पोतंभर. अण्णा, तुम्ही धागा वाचलात हे तुम्ही शाळेत आल्यावर कळलं, मी आपली ओळख लपवल्याच्या समजात होते. द्राक्षाच्या काड्यांचा विचार सोडला. चिंचोके पहिलीतून काढले, दुसरीत आहेत.

जुड्या बांधायला दोन नाही, तीन आठवडे लागले. पहिल्याच दिवशी भांडण. एकाच्या जुडीत अकरा काड्या निघाल्या. मी रागावणार तेवढ्यात दुसरीतली एकजण म्हणाली, "हिला पावती नाही देणार." बाजारात बापाबरोबर जाते ती. मग वर्गात पावत्या आल्या. जुडी दुसऱ्याने मोजायची, बरोबर असेल तर खडूने टोकाला खूण. खूण असलेली जुडी पुन्हा मोजायची नाही, असा नियम त्यांनीच केला. बाई, तुमच्या प्रेसवाल्या मुलाची आठवण झाली. माझ्या हातून पट्टीचं डोक्यात बसायला हे असं व्हावं लागलं. अकराची जुडी झाली नसती तर मी नुसती रबरं वाटत बसले असते.

पेटीतल्या दांड्या परवा पुन्हा काढल्या. एका मुलाने दांडी हातात घेतली, मणी मोजले, आणि म्हणाला, "ही जुडी आहे, पण सुटत नाही." एवढंच. तीन दांड्या, चार मणी मांडले तर चौदाजणांपैकी अकरांनी चौतीस सांगितलं. तिघं अजून सातवरच आहेत.

कार्डांचं अगदी तसंच झालं, शून्य गुदमरतंय म्हणून पोरं पाचाचं कार्ड सारखं उचलतात. ती ५२ वाली मुलगी आता लिहायच्या आधी डावा हात हवेत मुठीसारखा धरते, जुडी धरल्यासारखा, मग लिहिते. मी शिकवलेलं नाही. पंचवीस बरोबर, छत्तीस बरोबर, त्रेचाळीस बरोबर. एकोणतीसला मूठ धरून थांबते, माझ्याकडे बघते आणि ३९ लिहिते. यावर कुणाकडे काही असेल तर सांगा. मी सध्या तीन जुड्या मांडून त्यातली एक काडी ओढून घेते, 'तीसला एक उणी' म्हणून. पण जुडीतून काडी ओढली की रबर ढिलं पडतं आणि सगळ्यांचं लक्ष रबराकडे.

पेठकडची चार मुलं आली आहेत. सेविकाताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी दुसऱ्याच दिवशी "नाव सांग, वीसपर्यंत म्हण" केलं असतं. एक मुलगा आठ दिवस शब्द बोलला नाही, पण त्याच्या जुड्या वर्गात सगळ्यात घट्ट. तो आता पावती देणारा आहे. मान हलवून देतो.

वहीचं: शुक्रवारी घरचं मोजायचं काम. एका आजीने वहीत चार विसा आणि दोन असं नातीकडून लिहून पाठवलं, खाली आठ जुड्या दोन सुट्या चित्र, खाली ८२. ते पान मी भिंतीवर लावलंय. कोरी वही म्हणणारे पालक कमी झाले, आता "बाई, पोरगं स्वयंपाकघरातला खराटा तोडतंय" अशी तक्रार आहे.

फडक्याचा खेळ आत्ताशी सुरू केलाय. गोंधळ खूप होतो, शेजारच्या वर्गातून सर दोनदा येऊन बघून गेले. दुसऱ्यांदा आले ते थांबले, आणि चुकीचं उत्तर देऊन गेले.

चौथीचा_मास्तर (सिन्नर)

किल्ली सापडली. पेटीतले मणी निम्मे उंदरांनी पळवलेत, म्हणून मीही खराटा तोडला. ५२ वजा २७ झालं. ३०२ वजा १४८ ला शेकडा सोडायचा, मग त्यातली जुडी सोडायची, तिथे वर्गात काड्याच काड्या झाल्या आणि मधली सुट्टी झाली. उद्या पुन्हा.

पाढे मात्र म्हणून घेतोच आहे.

निवृत्त_बाई_नाशिकरोड

एकोणतीससाठी जुडीतून काडी ओढू नकोस. दोन जुड्या आणि नऊ सुट्या मांड, शेजारी मोकळं रबर ठेव. विचार, रबर लावायला किती कमी पडतात? एक. म्हणून एक-उणे-तीस. रबर वाट बघत बसलंय हे पोरांना बरोबर कळतं.

पाटीवाली_बाई

उद्याच करते. फक्त रबरं संपत आली आहेत. खूण केलेल्या जुड्या मुलं सोडू देत नाहीत.

बागाईतदार_अण्णा (निफाड)

जुड्यांना लावायचं रबराचं किलोचं पाकीट घरात पडलेलं आहे. पोराबरोबर पाठवतो. मोजून घ्या म्हणावं त्याच्याकडून.